उप्साला विद्यापीठातील डॉक्टरेटची पदे : हा प्रवेश आहे की नोकरी?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले असून गेली दोन वर्षे पुण्यातील एका संशोधन संस्थेत प्रकल्प साहाय्यक म्हणून काम करते आहे. मागच्या आठवड्यात स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाची एक जाहिरात वाचनात आली. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंवरील संशोधनासाठी एक डॉक्टरेटचे पद भरायचे आहे. जाहिरातीत शुल्काचा कोठेही उल्लेख नाही. उलट ठरलेला पगार, पूर्णवेळ नोकरी आणि रुजू होण्याची तारीख असे सगळे एखाद्या सरकारी भरतीसारखे दिले आहे.

वडिलांना जाहिरात वाचून दाखवली, तर ते म्हणाले, "शिकायला आपण जायचे आणि पैसे त्यांनी द्यायचे? नीट चौकशी कर, फसवणूक असेल." त्यांची शंका अगदीच अनाठायी आहे असे मलाही म्हणवत नाही. शिवाय आमच्या एका प्राध्यापकांनी सल्ला दिला आहे की जाहिरातींच्या नादी न लागता युरोपातल्या शंभर प्राध्यापकांना ईमेल पाठवावे, एखादा तरी गळाला लागतो. माझे वय २७ आहे. ही पदे खरोखर अशी असतात का, अर्ज नेमका कसा पाहिला जातो आणि पाच वर्षांनी पुढे काय, हे अनुभवी सभासदांनी सांगावे ही विनंती.

उत्तरायण

वडिलांना सांगा की फसवणूक नाही. मी उप्सालातच डॉक्टरेट केली आणि अजून त्याच गावात राहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्वीडनमध्ये डॉक्टरेटचा विद्यार्थी हा बहुतेक वेळा विद्यापीठाचा नोकर असतो. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना पदवी आणि मास्टर्ससाठी २०११ पासून शुल्क भरावे लागते, पण डॉक्टरेटला शुल्क नाही, मग तुम्ही कोल्हापूरचे असा की कोपनहेगनचे. अभ्यास चार वर्षांचा, म्हणजे २४० क्रेडिटचा असतो. त्याबरोबर २० टक्क्यांपर्यंत शिकवण्याचे किंवा विभागाचे काम देतात आणि तो वेळ मुदतीत मिळवतात, त्यामुळे प्रत्यक्षात पाच वर्षे होतात. पगाराची घासाघीस करायची नसते, कारण तो ठरलेल्या पायऱ्यांनी मिळतो आणि काम पुढे सरकेल तसा वाढतो. दरमहा ३० हजार क्रोनांच्या वर पगार असतो आणि कर वजा जाता साधारण तीन-चतुर्थांश हाती येतो. एकट्याचे नीट भागते, थोडी शिल्लकही पडते. मात्र त्या पैशांतून पुण्यात फ्लॅट घेण्याची स्वप्ने कोणी पाहू नयेत.

नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर वडील पुन्हा एकदा दचकतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पहिला करार जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो आणि पुढे तो एका वेळी दोन वर्षांपर्यंत वाढवतात. कायद्यातच तसे आहे. वर्षानंतर हाकलून देण्याचा तो डाव नव्हे.

ताकभात

पगारी रजाही मिळते का, की ते फक्त स्वप्नरंजन?

उत्तरायण

मिळते. तिशीच्या आत वर्षाला २८ दिवस, तिशी ओलांडली की ३१ आणि चाळिशीनंतर ३५. आणि ती घेतली नाही तर विभागातून आठवण करून देणारे पत्र येते. पहिल्या वर्षी ते पत्र वाचून माझे काहीतरी चुकले असावे असे मला वाटले होते.

खडूफळा

मी ३४ वर्षे महाविद्यालयात शिकवले आहे, म्हणून शंभर ईमेलांच्या सल्ल्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार सांगतो. हा सल्ला देणारे बहुधा माझ्याच पिढीचे असतात. आमच्या काळी अमेरिकेतल्या प्राध्यापकांना टाइप केलेली पत्रे पाठवून मुले गेली, हे खरे आहे. पण जेथे रीतसर जाहिरात देऊन, मुदत ठरवून, सगळे अर्ज एकाच वेळी समोर ठेवून निवड होते, तेथे अशा पत्रांनी काय साधणार? "आदरणीय महोदय, आपल्या थोर कार्याने मी प्रभावित झालो आहे" ही ओळ वाचून कोणाला नोकरी मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ते पत्र उघडले गेले, तरी पुष्कळ झाले.

पाणिनीचा_विद्यार्थी

खडूफळा सर, आपला मुद्दा विज्ञानशाखांना लागू आहे, पण मानव्यविद्यांत चित्र बरेच वेगळे असते. प्रयोगशाळेतील प्रकल्पाला अनुदान आधी मिळालेले असते, विषय ठरलेला असतो आणि त्या विषयासाठी माणूस शोधला जातो. भाषाशास्त्रात, इतिहासात किंवा भारतविद्येत मात्र पुष्कळदा अर्जदारानेच आपला संशोधन आराखडा लिहून पाठवायचा असतो. उप्सालाला संस्कृत आणि हिंदी शिकवण्याची परंपरा आहे, तेव्हा इकडून जाणाऱ्याला तेथे अगदीच परके वाटू नये. परंतु अशी पदे मोजकी निघतात आणि एकेका पदावर अनेकांचे डोळे असतात. म्हणून आपला विषय हाताळणारे तेथे कोणी आहे का, हे आधी विचारून घेणे गैर नाही. मी तसे विचारले होते. दोन ओळींचे, नेमके उत्तर आले: "हा विषय येथे मार्गदर्शनाला घेता येणार नाही." वाईट वाटले, पण दोन महिन्यांची मेहनत वाचली.

खडूफळा

मान्य. माझा आक्षेप शंभराच्या आकड्याला आहे, ईमेलला नाही.

शेवाळ

मी सध्या उप्सालात जीवशास्त्र विभागात तिसऱ्या वर्षाला आहे. कृष्णाकाठ ताई, अर्जाविषयी तुम्हाला दोन-तीन गोष्टी उपयोगी पडतील.

पात्रतेसाठी २४० क्रेडिटचे उच्च शिक्षण आणि त्यातले किमान ६० पदव्युत्तर पातळीवरचे, असा सर्वसाधारण नियम आहे. तेथे वर्षाला ६० क्रेडिट मोजतात. तीन वर्षांची बी.एस्सी. आणि दोन वर्षांची एम.एस्सी. असेल तर सहसा अडचण येत नाही. चार वर्षांच्या बी.टेक.वाल्यांची गाडी मात्र येथे अडते, कारण एकूण वर्षे भरली तरी पदव्युत्तर भाग रिकामा राहतो.

अर्जात आपल्याकडचा 'बायोडाटा' पाठवू नका. माझ्या पहिल्या अर्जात वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट आकाराचे छायाचित्र आणि "वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे" असे सहीनिशी प्रतिज्ञापत्र होते. पुढे माझ्या मार्गदर्शिकेने एकदा कॉफी पिताना विचारले, की भारतात लोक अर्जात खोटे लिहितात म्हणून ही शपथ घालतात का? मला काय उत्तर द्यावे ते कळेना.

खरा कस लागतो तो पत्रात. हाच प्रकल्प का, आणि तुम्ही हाताने काय काय केले आहे, हे त्यांना हवे असते. "मला आण्विक जीवशास्त्राच्या तंत्रांचा अनुभव आहे" या वाक्याने काहीच हाती लागत नाही. मी लिहिले होते, की आमच्या प्रयोगशाळेतला उणे ८० अंशांचा फ्रीझर मे महिन्यात वीज जाऊन बंद पडला, १४० नमुन्यांपैकी ९० वाया गेले, आणि उरलेल्या ५० नमुन्यांवर प्रयोगाची आखणी पुन्हा कशी केली. मुलाखतीतला अर्धा वेळ त्या फ्रीझरवरच गेला. गुणपत्रिकेकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

ताकभात

म्हणजे महावितरणच्या कृपेने डॉक्टरेट!

शेवाळ

जनरेटरमध्ये डिझेल नव्हते, तेव्हा महावितरणला एकट्याला श्रेय देता येणार नाही.

निवडुंग

सगळे गोडगोड चालले आहे, म्हणून थोडे तिखट लिहितो. स्वीडनमधल्याच एका विद्यापीठात, नाव सांगत नाही, मी तीन पदांसाठी अर्ज केले आणि तिन्ही वेळा साच्यातले एका ओळीचे नकारपत्र आले. एका पदाच्या बाबतीत तर त्याच गटात मास्टर्सचा प्रबंध केलेल्या मुलीची निवड झाली. जाहिरात निघण्याआधीच नाव ठरले होते, असे माझे आजही मत आहे. मग भारतातून रात्र-रात्र जागून अर्ज करणाऱ्यांना कशाला आशेला लावायचे?

उत्तरायण

निवडुंग, तुमच्या बाबतीत काय झाले ते मला माहीत नाही आणि असे कधीच होत नाही असेही मी म्हणणार नाही. ज्या मुलीने सहा महिने शेजारी बसून काम केले तिची कुवत त्यांना माहीत असते आणि तुमची नसते, एवढा फरक राहणारच. पण तुमच्या हाती एक साधन होते, ते तुम्ही वापरले नाही असे दिसते. स्वीडनमध्ये सरकारी कागद पाहण्याचा हक्क १७६६ सालच्या कायद्यापासून चालत आला आहे. सरकारी विद्यापीठाकडे आलेले अर्जही त्यात मोडतात. विद्यापीठाच्या दप्तराकडे जाहिरातीचा क्रमांक देऊन अर्जदारांची यादी आणि निवडीची कागदपत्रे मागता येतात, आणि का मागता असे सहसा कोणी विचारत नाही. डॉक्टरेटच्या पदासाठीच्या निवडीविरुद्ध अपील मात्र करता येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

मी एकदा अशी यादी मागवली होती. निवडलेल्या उमेदवाराचा अर्ज वाचल्यावर माझी तक्रार आपोआप विरली.

निवडुंग

हे मला ठाऊक नव्हते. म्हणजे माझाही अर्ज कोणीही वाचू शकतो?

शेवाळ

हो. म्हणून जुन्या मार्गदर्शकाविषयी मनातली भडास अर्जात काढू नये.

सप्तपर्णी

मार्गदर्शकांचा विषय निघालाच आहे, तर मला थोडे लिहायचे आहे. मी भारतातील एका विद्यापीठात पीएच.डी.ला साडेचार वर्षे घालवून ती सोडली. सरांच्या मुलीच्या दहावीच्या शिकवण्या, सरांच्या घराच्या वीजबिलाची रांग, हे सारे मी केले. मार्गदर्शक बदलून मागितला तेव्हा विभागात अळीमिळी गुपचिळी झाली आणि माझी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सात महिने फिरत राहिली. आज मी खासगी कंपनीत आहे आणि बरी आहे. पण उप्सालात असे काही घडले तर माणूस काय करतो, हे कोणीतरी सांगा. वाईट माणसे तिकडेही असतीलच.

उत्तरायण

असतात, आणि थंडीने त्यांचा स्वभाव सुधारत नाही. फरक आहे तो नियमांचा. प्रत्येकाला किमान दोन मार्गदर्शक असतात, आणि विद्यार्थ्याने मागणी केल्यास मार्गदर्शक बदलून मिळालाच पाहिजे, असे उच्च शिक्षणाच्या नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे. परवानगीची भीक मागावी लागत नाही. दरवर्षी वैयक्तिक अभ्यास आराखडा लेखी नव्याने करावा लागतो आणि मार्गदर्शकाने काय द्यायचे ठरले होते, तेही त्यात येते. भांडणाच्या वेळी तोच कागद कामी येतो. शिवाय डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र ओम्बड्समन, म्हणजे तक्रारी ऐकून मदत करणारा माणूस, आहे; हा शब्दच मुळी स्वीडिश आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने दुसऱ्या वर्षी मार्गदर्शक बदलला. तीन आठवडे विभागात अवघडलेली शांतता होती, मग सगळे पूर्ववत झाले. अर्थात नवा मार्गदर्शक त्याच विषयातला मिळाला म्हणून. छोट्या विभागात दुसरा माणूसच नसेल, तर नियमाला कोण काय करणार?

सप्तपर्णी

तीन आठवडे! माझ्याकडे सात महिने आणि दोन टेबले होती.

अपूर्णांक

मी गणिताचा माणूस आहे आणि मला या धाग्यातला सूर थोडा एकांगी वाटतो. भारतात पीएच.डी. म्हणजे सरांची वीजबिले, असे चित्र उभे राहू नये. पुण्याची आयसर किंवा मुंबईची टीआयएफआर या संशोधन संस्थांत जे काम चालते त्याला उप्सालाच्या शिक्क्याची गरज नाही. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्षांतल्या शिष्यवृत्तीची, रक्कम दरमहा ३७ हजार रुपये आणि एसआरएफची, म्हणजे त्यापुढच्या वर्षांतल्या शिष्यवृत्तीची, ४२ हजार आहे. ती वेळेवर मिळत नाही ही तक्रार खरी आहे, आणि त्याबद्दल बोलायला मी पहिला उभा राहीन. परंतु ज्याच्या विषयाला कागद, पेन्सिल आणि चार शहाणी माणसे पुरतात, त्याने अंधार आणि एकटेपणा विकत घेण्याआधी विचार करावा. तेथे डिसेंबरात दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो.

उत्तरायण

मावळतो. आणि पहिल्या वर्षी ते जड जाते, यात शंका नाही. मी दुपारी दोनला बाहेर चक्कर मारण्याची सवय लावून घेतली, ती अजून आहे. फ्लोग्स्ता नावाच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीत रोज रात्री दहा वाजता लोक खिडक्या उघडून जोराने किंचाळतात. ती जुनी प्रथा आहे. नोव्हेंबरात मी त्यांच्यात सामील झालो.

ताकभात

आमच्या सोसायटीत हे विनामूल्य, दिवसभर आणि खिडक्या न उघडता चालते.

खडूफळा

एक कुतूहल. प्राध्यापकाला काय म्हणून हाक मारतात?

शेवाळ

पहिल्या नावाने, सर. सगळ्यांना 'तू' म्हणतात, विभागप्रमुखांनाही. मला सहा महिने जमेना. मी वाक्याची रचनाच अशी करायचे की कोणाला हाक मारावीच लागू नये. शेवटी मार्गदर्शिका म्हणाली, की तू माझे नाव विसरली आहेस का?

दोन_तिकिटे

मूळ प्रश्नातला शेवटचा भाग कोणी हाताळलेला नाही, म्हणून लिहिते. माझे यजमान आणि मी दोघेही संशोधक. मी उप्सालात पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरचे मुदतीचे संशोधनाचे काम, केले. स्वीडनमध्ये पोस्टडॉकची नेमणूक किमान दोन आणि कमाल तीन वर्षांची असते, आणि अर्जाच्या मुदतीआधीच्या तीन वर्षांत डॉक्टरेट मिळालेल्यांना प्राधान्य देतात. बाळंतपण, आजारपण यांसाठी ती मर्यादा वाढवून धरतात. माझी मुलगी तिथेच झाली. स्वीडनमध्ये पालकांना मिळून ४८० दिवसांची रजा मिळते आणि त्या काळासाठी माझा करार पुढे ढकलला गेला. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांनाही तसेच वाढवून मिळते. भारतात मुलाखतीत "लग्नानंतर कामाचे काय?" असे विचारले गेल्याचे आठवते, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

पण त्यापुढची वाट अरुंद आहे, आणि ते आधीच मनाशी स्पष्ट असावे. पोस्टडॉकनंतर कायमची जागा मिळालेले माझ्या परिचयात फार थोडे आहेत. पूर्वी स्वीडनमध्ये चार वर्षे डॉक्टरेट केली की कायम वास्तव्याची परवानगी तुलनेने सहज मिळे. २० जुलै २०२१ पासून नियम कडक झाले आणि पुढचे किमान १८ महिने स्वतःचा चरितार्थ चालेल असे उत्पन्न दाखवण्याची अट आली. ज्यांचे करारच वर्ष-दोन वर्षांचे असतात त्यांनी हे कसे दाखवायचे? अनेकांचा हिशेब ऐन मध्यावर चुकला. हे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे कोणाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका, माझ्याही नाही. निर्णयाच्या वेळी स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर पाहा.

आम्ही दोघे शेवटी परत आलो. यजमान पुण्यात औषधनिर्मितीत आहेत, मी शिकवते. पश्चात्ताप नाही. पण तिकडे जाताना परतीचा विचारही केला नव्हता, तो करायला हवा होता.

अपूर्णांक

हा या धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रतिसाद आहे.

शेवाळ

त्यात एवढीच भर घालते, की ताईंनी फक्त उप्सालाला चिकटून राहू नये. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी योजनेतली डॉक्टरेट पदेही पगारी असतात आणि युरॅक्सेस या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या युरोपीय संकेतस्थळावर त्यांच्या जाहिराती येतात. त्यात एक अट आहे: नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. भारतातून थेट जाणाऱ्याला ती अट सोयीचीच पडते, उलट तिथेच मास्टर्स केलेल्यांना आडवी येते. निवडुंग, येथे शेजारी बसून काम करणारी मुलगी बाद होईल!

निवडुंग

हाताशी ठेवतो.

उत्तरायण

प्रबंधाचे शेवटी काय होते, ते कोणी विचारले नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. जाहीर चर्चेच्या किमान तीन आठवडे आधी छापील प्रबंध खरोखरचा खिळा आणि हातोडी घेऊन फळीवर ठोकायचा असतो, जेणेकरून कोणालाही तो वाचून आक्षेप घेता यावा. प्रबंधाला आधी भोक पाडून त्यातून दोरी ओवलेली असते. माझा पहिला खिळा वाकला. मागून एक म्हातारे प्राध्यापक म्हणाले, की सगळ्यांचा वाकतो. चर्चेला बाहेरच्या विद्यापीठातून प्रतिवादी, म्हणजे प्रबंधावर प्रश्न विचारणारा तज्ज्ञ, येतो, तीन किंवा पाच जणांची समिती निकाल देते, आणि निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. श्रेणी नाही. आई फोनवर म्हणाली, "मग पहिला कोण आला ते कसे कळणार?"

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मधल्या काळात अर्ज केला. शंभर ईमेल पाठवली नाहीत. पत्रात आमच्या प्रयोगशाळेत तीन महिने बुरशीने संवर्धने खराब होत होती आणि तिचा उगम शेवटी वातानुकूलन यंत्राच्या गाळणीत सापडला, ती हकिगत लिहिली. काल मुलाखतीचे बोलावणे आले आहे. त्यांनी एक शोधनिबंध पाठवला असून त्यावर दहा मिनिटे बोलायचे आहे. निबंधातल्या एका आलेखाचा निष्कर्ष मला पटलेला नाही. तो निबंध त्यांच्याच गटाचा आहे. बोलावे की गप्प बसावे?

शेवाळ

बोलावे. पण "हे चूक आहे" असे न म्हणता, त्या आलेखावरून आणखी कोणता निष्कर्ष निघू शकतो आणि दोहोंतला खरा कोणता हे ठरवायला तुम्ही कोणता प्रयोग कराल, ते सांगा. बहुधा त्यासाठीच तो निबंध निवडला असेल.

खडूफळा

माझ्या वर्गात हे करणाऱ्या मुलांना मी खाली बसवत असे. आता वाईट वाटते. बोला.

कृष्णाकाठ

ठरले तर. वडिलांनी जाहिरात पुन्हा एकदा चष्मा लावून वाचली आणि आता त्यांची एकच शंका उरली आहे: त्या २८ दिवसांच्या रजा गणपतीला जोडून मिळतील का?

उत्तरायण

मिळतील, पण गणपतीच्या सुमारासच तेथे नवे सत्र सुरू होते आणि शिकवण्याचे काम असेल तर पंचाईत होते. म्हणून मेमध्येच सांगून ठेवायचे. मी पहिल्या वर्षी सांगितले नाही आणि गौरी-गणपती व्हिडिओ कॉलवर पाहिले. आरतीच्या वेळी भावाने फोन मोदकांच्या ताटाला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला सगळा वेळ फक्त छत दिसले.